बुलेट ट्रेनचे पैसे कुणी भरायचे?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे पैसे कुणी भरायचे, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक भेटले की चहा यायच्या आधी प्रश्न येतो: "मावशी, बुलेट ट्रेन तुम्हा बडोदेकरांसाठी. मग महाराष्ट्राने तिचे पैसे का भरायचे?" इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात शेजारच्या बेन नेमकं उलट विचारतात: तुमच्या महाराष्ट्रवाल्यांनी एवढी वर्षं काम का अडवून धरलं?

माझं उत्तर दोघांनाही एकच असतं. गाडी हवी. पण तिच्या पैशांची जी मांडणी केली आहे ती मला पटलेली नाही, आणि त्या बाबतीत महाराष्ट्राची तक्रार खरी आहे. गुजरातेत जन्म गेलेल्या मराठी बाईने हे म्हटलं की दोन्हीकडचे लोक जरा चमकतात. माझी नोकरी बँकेच्या कर्जखात्यावर झाली. त्यामुळे गाडीचा वेग किती यापेक्षा हप्ता किती आणि तो कुणाच्या खात्यातून कापला जाणार, हे मी आधी बघते.

मुंबई-अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा. त्यातले 348 गुजरातेत, 156 महाराष्ट्रात आणि 4 दादरा-नगर हवेलीत. स्टेशनं 12, त्यातली महाराष्ट्रात 4 आणि गुजरातेत 8. मूळ खर्च धरला होता 1,08,000 कोटी रुपये, त्यातले सुमारे 88,000 कोटी जपानचं कर्ज. प्रकल्पासाठी 2016 मध्ये जी कंपनी काढली तिच्यात केंद्राने 10,000 कोटी, गुजरातने 5,000 कोटी आणि महाराष्ट्राने 5,000 कोटी घालायचे ठरले.

म्हणजे 8 स्टेशनं ज्याची त्याचे 5,000 आणि 4 स्टेशनं ज्याची त्याचेही 5,000. दोन राज्यांचे मिळून 10,000 कोटी मार्गाच्या लांबीप्रमाणे वाटले तर महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण 3,100 कोटी येतात. कोकण रेल्वे उभी करताना असं झालं नव्हतं. तिथे केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे 6-6. भांडणं तेव्हाही झाली असतील, पण सगळ्या राज्यांना एका मापाने कुणी मोजलं नाही.

शेजारच्या बेनचं यावर म्हणणं असं, की मुंबईचं बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं, स्टेशन नसेल तर आमच्या आठ स्टेशनांना किंमत काय? मुद्दा बिनतोड आहे. लांबीचं माप अपुरं आहे, हे मलाही मान्य. मुंबईची जमीन, ठाण्याच्या खाडीखालून 7 किलोमीटर धरून 21 किलोमीटरचा बोगदा, मुंबईला होणारा व्यापाराचा फायदा, हे सगळं हिशेबात धरून मग आकडा काढा. माझी तक्रार एवढीच की कुठलंच माप लोकांसमोर आलं नाही. तेव्हा दोन्ही राज्यांत आणि केंद्रात एकाच पक्षाचे मुख्यमंत्री आणि पंतप्रधान होते. सही झाली आणि विषय संपला.

संपला कुठला! 14 सप्टेंबर 2017 ला साबरमतीला भूमिपूजन झालं आणि 29 सप्टेंबरला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. राज ठाकरे म्हणाले, लोकल सुधारल्याशिवाय मुंबईत बुलेट ट्रेनची एक वीट रचू देणार नाही. त्या वेळी इथल्या बऱ्याच लोकांना तो गुजरातद्वेष वाटला. मला नाही वाटला. पुलावर मेलेल्या माणसांच्या गावात 5,000 कोटी दुसऱ्या गाडीला जात असतील तर कुणीही हेच विचारेल. पुढे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना प्रकल्पाला पांढरा हत्ती म्हणाले, जमिनीचं काम रेंगाळलं. जून 2022 मध्ये सरकार बदललं आणि परवानग्या भराभर सुटल्या. सरकार बदललं की प्रकल्पाचा वेग बदलतो, आणि मधल्या वर्षांची महागाई प्रकल्पाच्या बिलात चढते. 1,08,000 कोटींचा आकडा केव्हाच जुना झाला.

"तेच पैसे लोकलला द्या" हा युक्तिवाद मात्र अर्धाच खरा आहे. जपानचं कर्ज जपानी तंत्रज्ञानासाठी मिळालेलं आहे. ते उचलून विरार लोकलला लावता येत नाही. पण राज्याचे 5,000 कोटी कुठेही लावता येतात. मुंबईच्या लोकलसाठी जी एमयूटीपी योजना आहे, तिचाही निम्मा भार महाराष्ट्र सरकार उचलतं. तिजोरी एकच आहे.

आता कर्जाकडे येते, कारण यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं मुद्दल फेडायचं नाही. नेत्यांनी सभांमधून हे जवळजवळ फुकट म्हणून सांगितलं. व्याज खरंच नगण्य आहे: 88,000 कोटींवर वर्षाला 88 कोटी. पण मुद्दल फुकट नसतं. उरलेल्या 35 वर्षांत ते फेडायचं तर वर्षाला 2,500 कोटी झाले. शिवाय कर्ज येनमध्ये आहे. रुपया घसरला तर हप्ता वाढतो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसाने मला एवढी मोठी सवलतीची मुदत दाखवली असती तर मी त्याला आधी विचारलं असतं, सोळाव्या वर्षी काय करणार?

मी एक कच्चा हिशेब केला. रोज 40,000 प्रवासी आणि सरासरी 1,500 रुपये तिकीट धरलं, तर वर्षाला सुमारे 2,190 कोटी जमा होतात. त्यातून वीज, पगार, डब्यांची आणि रुळांची देखभाल अजून वजा व्हायची आहे. पुढे प्रवासी वाढतील, भाडंही वाढेल, हे खरं. तरीही नुसत्या तिकिटावर हे कर्ज फिटेल असं मला दिसत नाही. मग उरलेलं कोण फेडणार? कर्जदार भारत सरकार आहे, म्हणजे आपण सगळे.

आणि इथे मला खरोखर राग येतो. 2020 च्या मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत बंद केली. साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या बायकांना 50 टक्के मिळायची. संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2019-20 मध्ये तिचा भार 1,667 कोटींचा होता. परत सुरू करा म्हटलं की उत्तर मिळतं: प्रत्येक प्रवाशाला आधीच सूट आहे, 100 रुपयांच्या प्रवासाचे आम्ही साधारण 55 च घेतो. ठीक. मग 2,500 कोटींच्या हप्त्याबद्दल बोलतानाही हाच काटेकोरपणा दाखवा. आमच्या स्टेशनवर सकाळी उभं राहून बघा. अंकलेश्वरच्या कारखान्यांत अपडाउन करणारे पासवाले मेमूच्या, म्हणजे इथल्या लोकलसारख्या गाडीच्या, दारात एका पायावर उभे असतात, डबा छातीशी धरलेला, आत शिरायला जागा नाही. त्याच स्टेशनात वडाच्या झाडाच्या कल्पनेवर बेतलेलं बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय. मला ते आवडतं. पण मेमूला चार डबे जास्त लावायचा प्रश्न येतो तेव्हा पैसे नसतात, हे त्या पासवाल्याने का ऐकून घ्यायचं?

गुजरातने सगळं हसतमुखाने दिलं, हाही समज काढून टाका. बडोद्याजवळच्या करजणकडचा एक शेतकरी आमच्या बँकेचा जुना खातेदार. मोजणीचे लोक आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सात-बाराची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. मोबदला 2011 च्या जंत्रीवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकावर, धरत होते. शेजारच्या जमिनीचा सौदा कितीला झाला ते तो मला बोटांवर मोजून दाखवत होता. अशा शेतकऱ्यांच्या याचिका गुजरात उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये फेटाळल्या. पालघरच्या आदिवासींचा विरोध मराठी वाहिन्यांवर दिसला, करजणचा दिसला नाही, एवढाच फरक.

ज्या देशाकडून कर्ज घेतलं तिथलं उदाहरण मी मुद्दाम देते. टोकियो-ओसाका शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, 1964 मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी जागतिक बँकेने 8 कोटी डॉलर दिले होते. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना उद्घाटनाच्या आदल्या वर्षी पद सोडावं लागलं. ती लाइन पुढे भरपूर कमावती झाली. पण राजकारण्यांनी आपापल्या मतदारसंघात रूळ ओढून नेले, आणि 1987 मध्ये राष्ट्रीय रेल्वे मोडीत काढताना डोक्यावर 37 लाख कोटी येनचं कर्ज होतं. त्यानंतर ते शहाणे झाले. आता नव्या शिंकानसेन मार्गाचा खर्च, रेल्वे कंपनी जे भाडं भरते ते वजा करून, दोन हिस्से केंद्राने आणि एक हिस्सा ज्या प्रांतातून गाडी जाते त्याने भरायचा, असा नियम आहे.

आणि तिथेही एक महाराष्ट्र आहेच. क्यूशू बेटावर सागा नावाचा प्रांत आहे. नागासाकीला जाणारी शिंकानसेन त्याच्यातून न्यायची आहे. सागाचं म्हणणं: आमचा वेळ फारसा वाचत नाही, फायदा नागासाकीला, आणि पैसे आम्ही का भरायचे? 2022 च्या सप्टेंबरमध्ये नागासाकीकडचा तुकडा सुरू झाला, मधला भाग अजून ठरलेला नाही, प्रवाशांना साध्या गाडीतून येऊन मध्ये बदलावं लागतं. सागावाल्यांना तिथे कुणी देशद्रोही म्हणत नाही. वर्षानुवर्षं बोलणी चालू आहेत, आकडे टेबलावर आहेत.

आपल्याकडे रेल्वेचं वेगळं अंदाजपत्रकही 2017 पासून बंद झालं, त्यामुळे संसदेत वर्षातून एकदा जी सविस्तर चर्चा व्हायची तीही आटली. म्हणून माझी मागणी साधी आहे. गुजरातेतला टप्पा आधी सुरू होणार हे ठरलेलं आहे. त्या पहिल्या गाडीचं तिकीट विकायच्या आधी नवा खर्च दोन्ही विधानसभांत मांडा आणि राज्यांचे वाटे पुन्हा ठरवा. महाराष्ट्राला शेवटी मिळणाऱ्या गाडीचे पैसे गुजरातइतकेच लागत असतील, तर का लागतात ते लिहून द्या.

दुसरं, ज्यांच्या जमिनीचा भाव या गाडीने वाढेल त्यांच्याकडून वसुली करा. आम्हा बडोद्याच्या लोकांना हे नवं नाही. टी.पी. म्हणजे नगररचना स्कीममध्ये रस्ता, गटार आलं की वाढीव किमतीतला वाटा भरावा लागतो, कायद्यातच आहे. मग स्टेशनच्या भोवतालचे बिल्डर का सुटावेत? बीकेसीलाही हाच नियम लावा. सयाजीगंजमध्ये, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, आमच्या सासऱ्यांनी घेतलेला एक गाळा आहे. दलालांचे फोन आत्ताच सुरू झालेत. त्या वाढलेल्या भावातला हिस्सा महापालिकेने मागितला तर मी पावती घेऊन तो भरेन, फक्त ते पैसे कर्जाच्या हप्त्यालाच जातात हे मला वर्षाच्या शेवटी दिसलं पाहिजे.