जहाज बाहेर, गर्दी आत

सकाळी उठल्यावर मी आधी रस्त्याचा नकाशा बघत नाही, समुद्राचा बघतो. क्रूझ जहाजावर एआयएस नावाची यंत्रणा असते. जहाज कोणतं, कुठे आहे, किती वेगात आहे हे ती सतत कळवत राहते आणि फोनमधल्या साध्या ॲपवर ते दिसतं. बंदरावर प्रवासी सोडणाऱ्या माझ्यासारख्या व्हॅनवाल्याला दिवस कसा जाणार, ते तिथेच समजतं. त्या शनिवारी पावणेसहाला बघितलं, तर दोन जहाजांपैकी एक धक्क्याला लागलेलं आणि दुसरं बंदराच्या तोंडाबाहेर जवळजवळ थांबलेलं. खिडकी उघडली. समोरच्या इमारतीचे वरचे मजलेच गायब होते. धुकं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, धुक्यामुळे जहाजाला उशीर झाला तर रस्त्यावर गर्दी कमीच होईल. होतं बरोबर उलटं. क्रूझ ज्या दिवशी सुटते, त्याच दिवशी सकाळी ती आधीच्या फेरीचे प्रवासी घेऊन आलेली असते. सहाला धक्क्याला लागायचं, साडेनऊपर्यंत रिकामं व्हायचं, अकरापासून नवे प्रवासी घ्यायचे. मधला तास-दीड तास रस्ता मोकळा होतो आणि आमचं सगळं गणित तेवढ्यावर चालतं. 2024 साली पहिल्या फेरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे क्रूझ जहाज 365 मीटर लांब आहे आणि खोलीत दोघंच धरले तरी त्यात 5,610 प्रवासी मावतात. आमच्याकडची त्या दिवशीची जहाजं बरीच लहान, साधारण तीन-तीन हजारांची. तरी हिशोब करा: सहा हजार उतरणार, सहा हजार चढणार. गाडीत चार माणसं धरली तर दीड हजार गाड्या जाणार आणि दीड हजार येणार. पूल एकच.

धुक्यात पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा जाणकार, दुसरं जहाज आत आणू शकला नाही. ते लागलं पावणेदहाला. पहिली बॅग बाहेर पडेपर्यंत साडेदहा. नव्या प्रवाशांना ‘दोन तास उशिरा या’ असे मेसेज गेले होते, पण हॉटेलची खोली अकराला सोडायची असते. खोली सोडलेला माणूस बॅगा घेऊन बसणार कुठे? तो बंदरावरच येतो. शिवाय आपण लवकर गेलो तर आपला नंबर लवकर लागेल, असं प्रत्येकाला वाटत असतं. मी कितीही समजावलं तरी वाटतं.

बाराला माझ्या व्हॅनमध्ये सात जण होते. एक कुटुंब उशिरा आलेल्या जहाजाचं: आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आजींची घडीची व्हीलचेअर. शिवाय एक तरुण जोडपं, वेळेवर आलेल्या जहाजाचं. त्यांचं चेक-इन अडीचला बंद होणार होतं.

“दादा, जहाज चारला सुटतंय ना? तीनला पोचलो तरी चालेल की.”

“नाही चालणार.”

प्रवाशांची यादी सुटण्याआधी पक्की करून अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. आणि सुरक्षेची कवायत असते, म्हणजे संकटात कुठे जमायचं, काय करायचं याचा सराव. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं आणि 32 जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. 2015 पासून ती सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घ्यावी लागते. हे सगळं मी त्या तरुणाला सांगितलं. तो गप्प झाला. त्याची बायको मात्र दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायला लागली, त्यामुळे सांगितलं नसतं तर बरं, असंही वाटून गेलं.

एरवी पंचवीस मिनिटांचा रस्ता. पुलाच्या अलीकडे एक किलोमीटरवर गाड्या ठप्प दिसल्या आणि मी शहाणपणा केला. मालगेटच्या बाजूने एक रस्ता आहे, तो टर्मिनलच्या मागे निघतो. (फोनमधल्या नकाशात नुसतं बंदराचं नाव टाकलं तर तो कधीकधी इथेच आणून सोडतो. टर्मिनलचा पत्ता वेगळा असतो, हे पाहुण्यांच्या गाड्यांना इथे आल्यावर कळतं.) इतर दिवशी हा रस्ता रिकामा असतो. त्या दिवशी वळण घेतलं आणि समोर ट्रेलरची भिंत. जहाजाचा भाजीपाला, दूध, मांस, पाण्याच्या बाटल्या. सकाळी सातपासून जहाजावर चढायचा माल जहाज उशिरा लागल्यामुळे तिथेच अडकलेला. सकाळी समुद्राचा नकाशा बघणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं. पाठोपाठ आणखी एक ट्रेलर येऊन उभा राहिला आणि मागचीही वाट बंद झाली.

गाडी अशी अडकली की मी एक काम उरकून घेतो. “सगळ्यांनी पासपोर्ट हातात धरा आणि मला आरशात दाखवा.”

सहा हात वर झाले. तरुणाचा नाही.

“निळ्या बॅगेत आहे. सुरक्षित राहावा म्हणून.”

टर्मिनलच्या दारात मोठ्या बॅगा पोर्टर घेतात, टॅग लावून पिंजऱ्याच्या ट्रॉलीत टाकतात आणि त्या थेट खोलीच्या दाराशी मिळतात, कधी कधी संध्याकाळी. काउंटरवर पासपोर्ट लागतो दुपारी. निळी बॅग डिकीत सगळ्यात खाली होती. आठ बॅगा आणि व्हीलचेअर डांबरावर काढली. शेजारच्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला आणि काही न विचारता बॅगेचं झाकण धरून उभा राहिला. तरुण गुडघ्यावर बसून एकेक कपडा काढत होता. पासपोर्ट निघाला उजव्या बुटात, मोज्याच्या आत. नातवंडं एवढी हसली की त्यालाही हसू आलं. त्याच ट्रेलरवाल्याने मागच्याला हाका मारून दोन हात मागे घ्यायला लावलं आणि मी चार वेळा पुढे-मागे करून व्हॅन वळवली. पस्तीस मिनिटं वाया गेली होती. पुलाजवळच्या रांगेत परत लागलो, तेव्हा दीड वाजायला आला होता.

पूल उतरला की सर्कल आणि तिथून शंकूंनी पाडलेल्या दोन लेन, एकेका जहाजाची एकेक. एकदा आत शिरलं की बदल नाही. सून म्हणाली, “आम्ही आधी बसलो होतो, दादा. आईंना फार वेळ बसवत नाही.” चूक नव्हती तिची. मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, “अगं, त्यांची बोट जाईल. आपली कुठे पळून चाललीय? तिच्यातली माणसं तरी उतरू देत.”

डावी लेन घेतली. पुढच्या गाड्यांतले काही जण कंटाळून उतरून बॅगा ओढत चालायला लागले होते. रॅम्पला फूटपाथ नाही, त्यामुळे ते लेनमधूनच चालत होते आणि त्यांच्यामुळे त्यांचीच रिकामी गाडी पुढे सरकत नव्हती. जोडप्याने आशेने माझ्याकडे बघितलं. मी दार उघडलं नाही. दोन वाजून सतरा मिनिटांनी त्यांना दारात उतरवलं. मुलीने धावता धावता हात केला, मुलाने पासपोर्ट.

दुसरं टर्मिनल तिथून जेमतेम तीनशे मीटरवर, समोर दिसणारं. पण मधे कुंपण. पुन्हा सर्कलपर्यंत बाहेर यायचं आणि उजव्या लेनमध्ये शेपटाला लागायचं. त्याला पन्नास मिनिटं गेली. दाराबाहेर लोकांची रांग तीन पदरी वळलेली, माणसं बॅगांवर टेकलेली, काही जमिनीवरच. मी व्हीलचेअर उघडून ब्रेक लावला. आजी बसल्या, पदर सारखा केला आणि रांगेवरून नजर फिरवली.

“एवढ्या लोकांत खुर्ची माझ्या एकटीकडे,” त्या मुलाला म्हणाल्या.

मी निघणार तोच काचेवर टकटक झाली. त्याच जहाजातून उतरलेले तिघं, उन्हाने रापलेले, हातात रिकाम्या पाण्याच्या बाटल्या. सकाळी नऊला बाहेर पडायचे होते ते आता पडत होते. गाडी रिकामी आहे का आणि एअरपोर्टला किती वेळ लागेल, एवढंच त्यांना हवं होतं. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्यासाठी मी पुलाकडे मान वळवली. तिघांनीही वळवली. मग न बोलता बॅगा डिकीत टाकल्या.