वारा चढला की आकडा पडायचा: चोर सापडला एकदाचा

मंडळी, माझं वारा मोजायचं कपांचं मीटर जोराच्या वाऱ्यात आकडा कमी दाखवायचं, त्याचा चोर सापडला! कोडच्या एका ओळीत बसला होता आणि मी दोन पावसाळे गच्चीवर चढून बेअरिंगं बदलत होतो.

११ जुलैच्या रात्रीपासून सांगतो. हवामान खात्याचं बुलेटिन होतं, कोकण किनाऱ्यावर ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ पर्यंत. बंदरात धोक्याची सूचना देणारा ३ नंबरचा बावटा लागलेला. रात्री दोनच्या सुमाराला माड असे वाकत होते की झावळ्या पडवीच्या कौलांना घासत होत्या, आणि ग्राफ बघतो तर ४६, ४७, मग एकदम २५, परत ४६, परत २६! सकाळी शेजारचे तांडेल काका आले, म्हणाले, "तुझं यंत्र झोपलेलं काय रे? शाकारलेल्या होडीवरची ताडपत्री फाटली माझी." मी त्यांना २९ चा सरासरी आकडा दाखवला, ते काही बोलले नाहीत. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, हेच आकडे बघून ते मला विचारायचे बाहेर कसंय म्हणून, त्यामुळे ते गप्प बसणं मला फार लागलं.

बेअरिंगची कथा आधीच्या अपडेटमध्ये झालीय, थोडक्यात सांगतो. ६०८ चं साधं पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग हर्णैच्या खाऱ्या हवेत सहा महिनेसुद्धा धड चालत नाही, स्टेनलेस आणि रबर सीलवालंच घ्या, तिप्पट पैसे गेले तरी चालतील. बदलल्यावर कप आता ताशी ३ किमीलाच फिरायला लागतात (आधी ७ लागायचे), बोटाने फिरवून सोडले तर ४० सेकंद फिरत राहतात, मी चार-पाचदा उगाचच फिरवून बघितलं इतकं छान वाटलं. पण वारा चढला की आकडा पडायचा तो पडायचाच. मग २२ मीटरची केबल बदलली, रीड स्विचच्या (मॅग्नेट समोरून गेला की जोडला जाऊन एक पल्स, म्हणजे विजेचा ठोका, देणारा स्विच) डबीत पाणी शिरतंय का बघितलं, माडांचा आडोसा म्हणावा तर नैऋत्येपासून पश्चिमेपर्यंत समोर समुद्रच आहे. तीन रविवार गेले यात.

शेवटी दोन वर्षांचा सगळा डेटा एकत्र करून हिस्टोग्राम (कोणता आकडा किती वेळा आला त्याचा आलेख) काढला आणि थंडच पडलो. ३ सेकंदांचा झोत एकदाही ४८ च्या वर नाही. एकदाही नाही! निसर्गात अशी सरळ भिंत नसते.

मग कपांचा दांडा ड्रिल मशीनला लावला, दांड्यावर पांढरी खूण केली आणि फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेऊन फेऱ्या मोजल्या. माझ्या मीटरला एका फेरीत दोन मॅग्नेट, म्हणजे दोन पल्स, आणि सेकंदाला १ पल्स म्हणजे ताशी २.४ किमी. मिनिटाला ६०० फेऱ्यांपर्यंत सगळं बरोबर, सेकंदाला २० पल्स, ४८ किमी. ट्रिगर जरासा अजून दाबला आणि स्क्रीनवर आकडा धाडकन २४! ड्रिल ओरडतंय आणि मीटर म्हणतंय वारा पडला. मी तिथेच खाली बसलो.

कारण डिबाउन्स. रीड स्विच जोडला जाताना थरथरतो, एका पल्सचे पाच दिसतात, म्हणून एक पल्स घेतला की ५० मिलिसेकंद पुढचं काही मोजायचं नाही असं मी लिहिलं होतं. ते ५० मी पुश बटणाच्या उदाहरणातून जसंच्या तसं उचललेलं, बोटाने दाबायच्या बटणाला ते ठीकच आहे. पण ४८ च्या वर पल्समधलं अंतरच ५० पेक्षा कमी होतं, मग एक आड एक पल्स गायब. ६० चा वारा ३० दिसणार, ७२ चा ३६. आणि 'गेल' (gale) वारा, म्हणजे वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवरचा ८, सुरूच होतो ६२ ला (३४ नॉट). ज्या वाऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच माझं यंत्र अर्धा करून दाखवत होतं.

आता १० मिलिसेकंद केलंय, म्हणजे २४० किमीपर्यंत जागा आहे, शिवाय १० के रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरड कपॅसिटरचा फिल्टर आणि पुढे ७४एचसी१४ (सिग्नल स्वच्छ करणारी चिप). ईएसपी३२ च्या (ज्यावर कोड चालतो तो छोटा कंट्रोलर) पल्स काउंटरमधल्या फिल्टरवर विसंबू नका, तो जेमतेम १३ मायक्रोसेकंदांचा आहे, रीडच्या थरथरीपुढे काहीच नाही.

एक चूक मान्य करायचीय. गेल्या वर्षी मी इथे लिहिलं होतं की बुलेटिनमधले आकडे किनाऱ्याला जास्तच धरलेले असतात. पुरावा म्हणून अ‍ॅस्कॅटचा (समुद्रावरचा वारा मोजणारं उपग्रहावरचं रडार) सकाळचा पास दिला होता, ३० किमी बाहेर ३१ नॉट म्हणजे ५७ किमी, आणि माझ्याकडे त्याच वेळी २९. जमिनीचं घर्षण, खात्याची ३ मिनिटांची सरासरी, माझी १० मिनिटांची, उपग्रहाची २५ किमीच्या चौकोनाची, असं बरंच समजावलं होतं. ते फरक खरेच आहेत, पण त्यांनी आकडा अर्धा होत नाही. बुलेटिन बरोबर होतं, मी चूक होतो. आणि बोटवाल्यांच्या बाबतीत असं चुकणं साधी गोष्ट नाही, म्हणून ती जुनी पोस्ट खोडून वर दुरुस्ती टाकलीय.

जुना डेटा सरळ दुप्पट करता येत नाही, कारण २९ मध्ये काही पल्स खरेच पूर्ण मोजलेले आहेत, दोन झोतांच्या मधले. त्यामुळे तो टाकूनच द्यायचा असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता एक सुचलंय. मे पासून बेअरिंग तपासायला म्हणून मी प्रत्येक पल्सची वेळ एसडी कार्डावर ठेवतोय. कपांना वजन आहे, एका फेरीत ते ४७ वरून २५ वर येऊच शकत नाहीत! म्हणजे जिथे पल्समधलं अंतर ५१ मिलिसेकंदांवरून एकदम ९८ झालंय तिथे पल्स गळायला लागले, आणि उलटी उडी येईपर्यंत दुप्पट धरायचं. थांबा, अजून एक. माझे दोन मॅग्नेट अगदी समोरासमोर नाहीत, हाताने चिकटवलेत, त्यामुळे पल्समध्ये कायम एक अंतर लांब एक आखूड असं येतं. एक आड एक गळाले तर उरलेले सगळे एकाच मॅग्नेटचे, मग ते लांब-आखूड नाहीसं व्हायला पाहिजे. दोन्ही खुणा जुळल्या तर ११ जुलैची रात्र परत मिळेल. मे च्या आधीचं मात्र गेलं, तेव्हा फक्त मिनिटाची सरासरी आणि त्यातला झोत ठेवत होतो.

त्यामुळे नारळी पौर्णिमेच्या आत अल्ट्रासॉनिक (कपांऐवजी आवाजाच्या लहरींनी वारा मोजणारं) मीटर घ्यायचं ठरवलेलं ते पुढे ढकललं. ते पैसे आता मास्टकडे, म्हणजे मीटरच्या खांबाकडे. गॅल्व्हनाइज्ड यू-क्लॅम्प दोन वर्षांत भुगा झालेत, ३१६ ग्रेडचेच टाकणार. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय, त्यानंतरच मी हे सुरू केलं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांच्या आत मास्ट पक्का हवा.

परवा दुपारी पावसाची एक सर आली, दहा मिनिटांची सरासरी ३९ आणि झोत ५८. माझ्या लॉगमधला ४८ च्या वरचा पहिला आकडा. तांडेल काकांना हाक मारून दाखवला, त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "हां, एवढा होता." पल्सची फाइल आज रात्री चालवायला लावतोय, उड्या सापडल्या तर आलेख टाकतो. तोपर्यंत ज्यांनी माझा जुना कोड घेतलाय त्यांनी डिबाउन्सची ओळ आजच बदला.