चाळीस फॉर्म, सगळीकडे शून्य

आशाताईंनी भरून आणलेले नैराश्याच्या तपासणीचे पहिले चाळीस फॉर्म मी आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून चाळले आणि पोटात गोळा आला. नऊही प्रश्नांपुढे शून्य. गेल्या दोन आठवड्यांत एकाही बाईला उदास वाटलं नव्हतं, एकीचीही झोप उडाली नव्हती. त्याच सकाळी ओपीडीच्या रांगेत तिघीजणी मला सांगून गेल्या होत्या: अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

मी पुण्यात राहते. मानसिक आरोग्यसेवा खेड्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रातून कशी देता येईल, हा माझ्या पीएचडीचा विषय. ज्याला इम्प्लिमेंटेशन सायन्स म्हणतात ते हेच. उपचार चालतो का, हा प्रश्न इथे नसतो. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालेलं आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्यावर चांगला फरक पाडून दाखवला आणि तो अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. (त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, याची मला अजून रुखरुख आहे.) सिद्ध झालेला उपचार आणि ती रांगेतली बाई यांच्यामध्ये नेमकं काय अडतं, ते शोधायला मी वेल्ह्याकडच्या एका आरोग्य केंद्रात गेले. स्वारगेटहून एसटीने चेलाडी फाटा, तिथून तोरण्याच्या दिशेने.

परवानग्यांना आठ महिने लागले. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, मग संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी नीतिसमिती. पत्रव्यवहाराबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पण नीतिसमितीच्या बैठकीतला एक प्रश्न माझ्या कामाचा कणा झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते. आमच्या समितीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. माझी प्रश्नावली, पीएचक्यू-९, त्यांनी नीट वाचली होती. २००१ पासून नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ही नऊ प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा जास्त आले की पुढे चौकशी करायची. नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दलचा आहे. त्यावर बोट ठेवून बाईंनी विचारलं, "याला कुणी 'हो' म्हणालं आणि रात्रीचे नऊ वाजले असले, तर आशाने कुणाला फोन करायचा?"

माझ्या प्रस्तावात 'योग्य ठिकाणी संदर्भित करणे' असं लिहिलं होतं. त्या वाक्यात माणूस नव्हता. मी पुन्हा बसून नावं आणि नंबर लिहिले: आधी मी, मग केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग औंधच्या जिल्हा रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ, आणि कुणीच उचललं नाही तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. 'हो' म्हणणाऱ्या बाईला एकटी सोडायची नाही, हे सगळ्यात वर लिहिलं.

तर ते चाळीस फॉर्म. माझा पहिला अंदाज होता की प्रशिक्षण कमी पडलं. अजून एक दिवस घ्यावा, असं मार्गदर्शकांना कळवूनही टाकलं. मग आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई म्हणाल्या, "मॅडम, आधी एक दिवस आमच्याबरोबर फिरा." फिरले. त्या दिवशी माझ्याबरोबरच्या ताईंच्या पिशवीत गरोदर बायकांची यादी, लहान मुलांच्या लसीकरणाचा तक्ता, बीपी-शुगरच्या सर्वेक्षणाचे कागद आणि तळाशी माझे फॉर्म. उंबऱ्यात उभं राहून, मागे चुलीपाशी सासू बसलेली असताना, ताई सुनेला वाचून दाखवत होत्या: "गोष्टी करण्यात रस किंवा आनंद कमी वाटणे." सून म्हणाली, "नाही." दुसरं काय म्हणणार? कागदाच्या डोक्यावर मी ठळक अक्षरांत 'मानसिक आरोग्य तपासणी' छापलं होतं, ते सासूलाही दिसत होतं.

परत येताना ओढ्याच्या पुलावर ताई थांबल्या. "खरं सांगू का, त्या वैनीला झोप नाही हे मला माहितेय. पण मी तिथं 'हो' लिहिलं तर तिला पाठवायची कुठं? औंधला? दोन गाड्या बदलायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, नवरा विचारणार कशाला चाललीस. आणि ती गेली नाही तर तुम्ही मलाच विचारणार, का पाठवली नाही."

त्या क्षणी मला ते चाळीस फॉर्म कळले. ताईंना प्रश्न विचारता येत नव्हते, असं नव्हतंच. 'हो'नंतर पुढे वाटच नाही, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं. त्या बाईची गावातली अब्रू आणि तिचा ताईंवरचा विश्वास दोन्ही त्यांनी सांभाळले होते. मी आखलेल्या व्यवस्थेला शून्य हेच प्रामाणिक उत्तर होतं.

मग आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी पाठवायची जागा. वैद्यकीय अधिकारी सरांनी नैराश्याचे साधे रुग्ण केंद्रातच पाहायचं मान्य केलं. औषध लागलं तर तिथेच, आणि अडलं तर दर गुरुवारी दुपारी औंधच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायचं. केसपेपर तोच, रांग तीच. मी घरभेटींचा मोबदला प्रस्तावात धरलाच नव्हता, फक्त प्रशिक्षणाचा भत्ता धरला होता. ती माझी चूक होती. अनुदान देणाऱ्यांना पत्र लिहून ती सुधारून घ्यायला तीन महिने गेले आणि तेवढ्या काळात ताईंनी फुकट काम केलं, हे मी विसरणार नाही.

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रमाणित प्रश्नावलीचे शब्द मनाला येतील तसे बदलता येत नाहीत. बदलले तर गुणांना अर्थ उरत नाही. पण एकाग्रतेचा प्रश्न वर्तमानपत्र वाचणं आणि टीव्ही पाहणं यांचं उदाहरण देतो आणि आमच्याकडच्या निम्म्या बायकांच्या हातात पेपर कधी आलेला नाही. आम्ही मूळ प्रश्न तसाच ठेवला आणि खाली ताईंनी सुचवलेली पुस्ती जोडली: "भाजीत मीठ घातलं का नाही, हेच आठवत नाही, असं होतं का?" भुकेचा प्रश्न श्रावणात विचारला की "उपास आहे" असं उत्तर यायचं. तिथे "उपास सोडताना जेवण जातं का?" असं पुढे विचारायचं ठरलं. प्रत्येक पुस्ती का जोडली, कुणी सुचवली, ते वहीत तारखेनिशी लिहिलं. हे काम किचकट आहे, पण उपचाराचा गाभा कुठला आणि वरचं काय बदलता येतं, हे त्यातूनच कळलं.

संमतिपत्राचीही अशीच गोष्ट. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. गावात त्रयस्थ म्हणजे शेजारीण, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला बातमी. शेवटी दुसऱ्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका साक्षीला बसू लागल्या.

आणि उपचार. बिहेवियरल ॲक्टिव्हेशनचा साधा अर्थ असा की मन खचलं की माणूस हळूहळू आपल्या गोष्टी सोडत जातो. त्यातली एकेक परत हातात घ्यायची, मग मनही हलतं. पहाटे पाचला उठून पाणी, गुरं, स्वयंपाक, शेत उरकणाऱ्या बाईला "दिवसात एक काम वाढवा" म्हणणं क्रूरपणा झाला असता. ताई विचारायच्या, "आधी काय करायचात, जे आता सुटलं?" एकीने सांगितलं, गुरुवारचं भजन. एकीने सांगितलं, बहिणीला फोन. त्यावरच आम्ही काम केलं.

जूनमध्ये सगळं ठप्प झालं. अर्धे कर्मचारी पालखीच्या ड्युटीवर, उरलेले आणि गावच्या बायका भातलावणीत गुडघाभर चिखलात. मी तारखा बदलत राहिले आणि शेवटी सोडून दिलं.

पावसाळा सरता सरता एका रात्री पावणेनऊला फोन आला. घरात रेंज नाही म्हणून ताई देवळाच्या ओट्यावर चढून बोलत होत्या. नवव्या प्रश्नाला एका बाईने 'हो' म्हटलं होतं. "तिच्या जावेला तिच्यापाशी बसवून आलेय. भाऊ निघालाय नसरापूरहून. सरांना फोन लागला, उद्या नऊला घेऊन या म्हणालेत. तुम्हाला पण सांगायचं असं कागदावर लिहिलंय, म्हणून केला." त्या परत तिच्याकडे गेल्या आणि भाऊ पोचेपर्यंत थांबल्या. सकाळी ती बाई केंद्रात आली. अजून येते.

माझं अनुदान मार्चमध्ये संपतंय. त्यानंतर हे टिकेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गटप्रवर्तक ताईंनी त्यांच्या स्वतःच्या डायरीत, लसीकरणाच्या रकान्याशेजारी, पट्टीने एक रेघ मारून 'मन' असा रकाना आखलाय. मी सांगितलं नव्हतं. यंदा उजळणीचं प्रशिक्षण लावणीच्या आधी हवं म्हणून त्यांनीच तारीख कळवलीये, मे महिन्यातला दुसरा गुरुवार. औंधच्या डॉक्टरांना फोन करून ती नक्की करायची आहे.