डेटास्टोअर उघडलं की त्याच्यावरच्या व्हीएम दिसल्याच पाहिजेत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सर्व्हर सांभाळणाऱ्याला "डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची सामायिक जागा) भरलंय" असा फोन कधीच येत नाही, "लाइनवर लेबल प्रिंट होईना" असा येतो. मग आपण मागं मागं जायचं, ॲप्लिकेशन कुठल्या व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर, ती कुठल्या होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, डिस्क कुठल्या डेटास्टोअरवर. हे सगळं सांभाळायचा व्हीएमवेअरचा स्क्रीन म्हणजे व्हीस्फिअर क्लायंट, त्याच्यात मला सगळ्यात भारी हेच वाटतं, की व्हीएमच्या पानावरून डेटास्टोअरवर जाता येतं आणि डेटास्टोअरच्या पानावर परत व्हीएमचा आणि होस्टचा टॅब असतो.

डेटास्टोअरवरून व्हीएमकडे यायचा उलटा रस्ता का लागतो ते सांगतो. थिन डिस्क असतात, म्हणजे लागेल तशी जागा घेत वाढणाऱ्या, कुणाचा तरी जुना स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) फुगत जातो, डेटास्टोअर भरतं आणि जागा मागणारी दुसरीच व्हीएम थांबते. थांबलेल्या व्हीएमकडे कितीही बघा, तिच्यात काहीच सापडत नाही. डेटास्टोअरवर जाऊन व्हीएमची यादी वापरलेल्या जागेप्रमाणे लावली की खरी खादाड लगेच वर येते.

आता हीच जोडणी दाखवणारं स्वतःचं पोर्टल बनवणाऱ्यांसाठी, कारण आपल्या नाशिकमध्ये बऱ्याच कंपन्यांत आयटीची पोरं असलं काहीतरी बनवतच असतात. नावावरून ऑब्जेक्ट (व्हीएम, होस्ट, डेटास्टोअर) जोडू नका राव. व्हीएमचं नाव बदललं तरी डेटास्टोअरवरचं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. या सगळ्याचा हिशोब ठेवणारा मुख्य सर्व्हर म्हणजे व्हीसेंटर, तो प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचा आयडी देतो, व्हीमोशनने (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) होस्ट बदलला तरी तो तोच राहतो, त्याच्यावरून जोडा. फक्त व्हीएम इन्व्हेंटरीतून, म्हणजे व्हीसेंटरच्या यादीतून, काढून परत रजिस्टर केली की आयडी नवा मिळतो, म्हणून सोबत यूयूआयडी, म्हणजे व्हीएमच्या स्वतःच्या फाइलमधला ओळख क्रमांक, पण ठेवा.

राहिला प्रश्न ॲप्लिकेशनचा, ते व्हीसेंटरला माहीतच नसतं. त्याच्यासाठी टॅग, म्हणजे चिकटवायची लेबलं, आहेत, कॅटेगरी बनवायची आणि तिच्यातला टॅग व्हीएमला लावायचा, पण व्हीएमला लावलेला टॅग तिच्या डेटास्टोअरवर आपोआप येत नाही, तेवढी जोडणी आपल्यालाच करावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की हातानं फक्त ॲप्लिकेशन आणि व्हीएमचं नातं लिहावं, व्हीएम ते डेटास्टोअर दरवेळी एपीआयमधूनच (प्रोग्रॅमनं थेट व्हीसेंटरला विचारून) घ्यावं, एक्सेलमध्ये अजिबात नको, कारण डेटास्टोअरांमधला भार वाटून देणारं स्टोरेज डीआरएस ऑटोमॅटिकवर असेल तर डिस्क आपल्याला न विचारता दुसरीकडे गेलेली असते.