हिंगण्याची झोपडी आणि देवरुखची बाया

आमच्या होमस्टेला आलेली माणसं कोकणातल्या आमच्या मुरूडात अण्णांचा, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा पुतळा बघतात, सेल्फी काढतात अन् परत सोलकढी प्यायला येतात. मी म्हणतो, पुण्याला राहता ना, मग कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, त्यांच्या स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात विधवांच्या आश्रमाची पहिली झोपडी जपून ठेवलीय ती बघितलीत का? नाही बघितलेली. मी पण या मे महिन्यातच बघितली, आत्याकडे गेलो होतो तेव्हा. खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं, एवढीच? आमच्या आगरातली खोप आठवली.

प्लेगच्या भीतीने विधवांचा आश्रम शहराबाहेर न्यायचा होता, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची ६ एकर जागा अन् ७५० रुपये दिले, आणि १९०० साली ही झोपडी उभी राहिली. अण्णांनी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत इकडे यायचं. चालायची सवय होतीच म्हणा, पोरवयात परीक्षेसाठी मुरूडातून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले आणि तिथे '१७ वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परत पाठवलं!

पण मला तिथे उभं राहून आठवत होती ती बाया, म्हणजे अण्णांची बायको आनंदीबाई. देवरुखच्या जोश्यांची गोदू, लहानपणीच विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला अण्णांशी लग्न झालं आणि मुरूडने बहिष्कार टाकला. आमचंच गाव हो. आता त्याच गावात पुतळ्याला हार घालतो आपण, तेव्हा आमचे पणजोबा कुठल्या बाजूला होते हे घरात कोणी काढत नाही.

आणि गंमत बघा, पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात दिसली तर लोक बिथरतील म्हणून सुरुवातीला बायालाच लांब ठेवलेलं. तिची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले, ती पण विधवा, ती मात्र आश्रमात राबत होती. बाया नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकून आली, पोरं सांभाळली, आणि इकडे अण्णांनी स्वतःचा ५००० चा विमासुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकला. बाया जाम चिडली.

हे मी झोपडीसमोर आत्याला सांगत होतो. आत्या पर्समधून रुमाल काढत म्हणाली, "चिडेल नाहीतर काय, मी असते तर माहेरी निघून गेले असते. चल आता, ऊन लागतंय."