आमच्याकडे रेन डान्स नाही : कृषी पर्यटन केंद्राचा माझा अनुभव

कृषी पर्यटन केंद्र काढायचं तर आधी काय लागतं, असं कुणी विचारलं की मी सांगते, घरातल्यांची संमती. कागदपत्रं त्यानंतर.

आमचं रान भीमेच्या खोऱ्यात, पुणे आणि सोलापूरच्या मधे. आठ एकर काळी, भारी जमीन, त्यातली निम्मी जिरायत. सातबारा सासरे आणि चुलत सासऱ्यांच्या नावावर सामाईक. लोक पैसे देऊन शेत बघायला येतील, हे चुलत सासऱ्यांच्या पचनीच पडेना. “बगायचंय काय त्येंला? ढेकळं?” संमतीपत्रावर त्यांची सही मिळेपर्यंत एक सुगी गेली.

कागदांचं थोडक्यात सांगते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. नोंदणी होते पर्यटन संचालनालयाकडे. बरेच जण उगाच कृषी कार्यालयाच्या चकरा मारत बसतात. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, हमीपत्र, जेवण देणार म्हणून अन्न व्यवसायाची नोंदणी, आणि 2500 रुपये शुल्क ‘ग्रास’ या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरल्याचं चलन. शाळेच्या सहली घ्यायच्या तर किमान पाच एकर क्षेत्र हवं, त्यात आम्ही बसत होतो. पाहणीला आलेल्या साहेबांनी खोल्यांपेक्षा स्वच्छतागृहंच जास्त वेळ पाहिली. बरोबरच आहे. पन्नास पोरं एका बसमधून उतरली की त्यांना सगळ्यात आधी शेत नको असतं.

प्रमाणपत्र हातात आलं आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. आता दाखवायचं काय? शाळांना फोन लावायला घेतले. पहिला प्रश्न ठरलेला, “रेन डान्स आहे का? राइड्स कोणत्या?” नाही म्हटलं की आवाजच उतरायचा. एका मुख्याध्यापकांनी तर, निदान सेल्फी पॉइंट तरी करा, असा सल्ला दिला. रब्बीच्या ज्वारीच्या भरवशावर जगणाऱ्या भागात, डिसेंबरात, पोरांना नाचवायला टँकरनं पाणी आणायचं? मला ते जमणारं नव्हतं. मग मी शाळांशी बोलायची पद्धत बदलली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं सुचवलेलं आहे. तो धागा धरून पत्रं लिहिली, आणि सहलीऐवजी ‘शेतावरचा दिवस’ म्हणून विचारलं. ज्यांना राइड्स हव्या होत्या त्या शाळा गळाल्या. उरल्या थोड्याच, पण त्या परत परत येणाऱ्या निघाल्या.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा ज्वारीबद्दल शहरातही बोलणं वाढलं होतं. त्याचा आम्हाला फायदा झाला, नाही म्हणत नाही. हुरड्यासाठी तर लोक कुठूनही येतात. पण हुरड्याला आलेला माणूस आगटीभोवती बसतो, चटणी-गुळाबरोबर गरम हुरडा खातो, खुशीत घरी जातो, आणि मागे उभं असलेलं पीक त्याला पडद्यासारखं दिसतं. म्हणून आमच्याकडे नियम केला, आधी रान, मग हुरडा.

रानात आम्ही एकच प्रश्न टाकतो. पाऊस ऑक्टोबरात थांबला, या तुकड्याला पाणी दिलेलं नाही, तर ज्वारी हिरवी कशी? मुलं हमखास म्हणतात, दव पडतं म्हणून. मग चुलत सासरे कुदळ घेतात. हो, तेच. वरची माती भुसभुशीत, कोरडी, धूळच म्हणा. वीतभर खाली गेलं की रंग गडद होतो. तिथली माती मुलांच्या हातात द्यायची आणि मूठ आवळायला सांगायची. मुठीत गोळा होतो, बोटांचे ठसे उमटतात, आणि तळहाताला गार लागतं. सप्टेंबरातला पाऊस जानेवारीत हाताला लागला की पोरं गप्प होतात, मग एकदम सगळी बोलायला लागतात. जमिनीला पडलेल्या भेगांत हात घालून किती खोल जातो ते बघतात. भेगांवाटे ओल उडून जाते, म्हणून तिसरी कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती औजारानं मोकळी करणं, पेरणीनंतर आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्यानं करायची. त्यानं भेगा बुजतात. हे पुस्तकातून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. भेगेत कोपरापर्यंत हात गेलेल्या पोराला मात्र कोळपं म्हणजे काय हे आपणहून विचारावंसं वाटतं.

गोफणीचं वेगळंच. पाखरं राखायची गोफण दाखवली की प्रत्येकाला फिरवायची असते. दगड बाद, मातीच्या वाळलेल्या गोळ्या द्यायच्या, आणि बाकीच्यांना मागे बांधावर उभं करायचं. शिक्षकांना सांगून भागत नाही, कारण पहिली गोफण शिक्षकच मागतात.

मोठ्यांसाठी मी एक फळा ठेवलाय. त्यावर मालदांडी ज्वारीचा हमीभाव लिहिते. 2024-25 ला तो क्विंटलला 3421 रुपये होता. जिरायतीत एकरी पाच क्विंटल निघाली तर किती, हा हिशोब पाहुण्यांनीच करायचा. सतरा हजार एकशे पाच. यातून नांगरट, बियाणं, खुरपणी, काढणी, मळणी वजा करायची. ज्वारी उपटून काढायला माणूस मिळत नाही, हेही सांगते. “मग परवडतं कसं?” असा प्रश्न येतोच. मग कडब्याकडे, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांकडे, बोट दाखवायचं. दावणीला जनावर असेल तर ज्वारीचा निम्मा जीव कडब्यात असतो. एका गृहस्थांनी यावर, “मग तुम्ही दुसरं काही का लावत नाही?” असं अगदी आपुलकीनं विचारलं होतं. सासऱ्यांनी त्यांना विहिरीपाशी नेऊन आत वाकून बघायला लावलं.

कमाईचं विचाराल तर हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, बाकी शेतीच. जेवणात पैसे सुटतात, मुक्कामात थोडे, शाळांकडून जेमतेम. तरी शाळा सोडायच्या नाहीत असं ठरलंय. नवीन केंद्र काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, झोपाळे बांधण्याआधी पाणी आणि सावली बघा, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना रोजगार देऊन बोलायला बसवा. आमच्याकडे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न विचारतात.

यंदा एका शाळेनं पेरणीलाच यायचं ठरवलंय. रब्बीची पेरणी आणि त्यांची सहामाही परीक्षा एकाच वेळी येते, त्यामुळे तारीख धरायची नाही, वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी सुकली, की आदल्या दिवशी फोन करायचा, असं बोलणं झालंय. बसवाला तेवढा अजून तयार होत नाही.