पितृपक्षात बल्गेरिया

परवा गॅसवर लाल ढोबळी मिरच्या भाजत होते. खिडकी उघडी होती. पलीकडच्या काकूंनी विचारलं, "वांगं का गं?"

"नाही, मिरच्या आहेत."

"मिरच्यांचं भरीत?"

आता 'ल्युतेनित्सा' हा शब्द नौपाड्यातल्या दोन इमारतींच्या मधून ओरडून कसा सांगायचा? "बल्गेरियाची चटणी आहे," म्हटलं. "बरं, मग वाटीभर पाठव," म्हणाल्या. काकूंना बल्गेरियाशी काही देणंघेणं नाही, चटणीशी आहे. ते बरोबरच आहे.

मी पोस्टाच्या आरडीची एजंट. गोखले रोड, विष्णूनगर, गावदेवी मार्केट हा माझा टापू. वीसेक वर्षं लोकांचे पाचशे-हजार गोळा करून वहीत लिहितेय, त्यामुळे परदेशात गेले तरी वही सुटली नाही. आणि परदेश म्हणजे तरी काय, ऐरोलीच्या धाकट्या जावेचा मुलगा बल्गेरियात, प्लोव्दिव्हला डॉक्टरकी शिकतो. तिला लेक बघायचा होता आणि एकटीला विमानात बसायचा धीर नव्हता. मी पंधरा तारखेच्या आतलं कलेक्शन भरलं आणि 2024च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशी झाल्या झाल्या दोघी निघालो. "पितर घरी यायचे आणि सुना निघाल्या फिरायला," सासूबाई. तिकीट त्याच दिवसांत परवडत होतं. पान ठेवायचं काम भाऊजींनी केलं. कावळ्याने लगेच शिवलं म्हणतात.

स्वस्त देश म्हणून मी सांगते तेव्हा लोक आधी व्हिसाचं विचारतात. व्हिसा स्वस्त नाही. त्याच वर्षी 31 मार्चला बल्गेरिया विमान आणि समुद्रमार्गापुरता शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आला, म्हणून फी 90 युरो. मुंबईहून थेट विमान नाही. खर्च होतो तो इथपर्यंतच. सोफियाला उतरलात की विमानतळाच्या दारातूनच मेट्रो आहे, तिकीट होतं 1 लेव 60. लेव हे तिथलं तेव्हाचं चलन. एक लेव 47 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे 75 रुपयांत विमानतळावरून शहराच्या मध्यावर. सेर्दिका स्टेशनात बाहेर पडताना आजूबाजूला रोमन काळातले रस्ते नि भिंती उघड्या दिसतात, त्याला वेगळं तिकीट नाही. जवळच जुन्या स्नानगृहाशेजारी नळ आहेत, त्यांना जमिनीतून येणारं गरम पाणी. लोक पाच-पाच लिटरचे कॅन भरत होते. आमच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखं, फक्त ट्रामच्या आवाजात.

सोफियातल्या 'क्लेक' दुकानांबद्दल सांगायलाच हवं. तळघरातलं दुकान, त्याची खिडकी फुटपाथला टेकलेली. गिऱ्हाइकाने उकिडवं बसून पाणी, बिस्किटं मागायची. क्लेक म्हणजे उकिडवं बसणं. मी बसले. उठताना धाकटीने हात दिला.

प्लोव्दिव्हला आगगाडीने अडीच-तीन तास. तिथे पहिल्या शतकातलं रोमन नाट्यगृह आहे आणि त्यात अजून कार्यक्रम होतात. आत तिकीट आहे, पण वरच्या अंगाने कठड्याशी उभं राहिलं तर सगळं दिसतं. मी वहीत 'शून्य' लिहिलं. पुतण्या म्हणाला, "काकू, आत जाऊ ना, मी काढतो तिकीट." मुलाच्या फीचे हप्ते मला ठाऊक आहेत. नाही गेलो.

पण त्या शहराचं माझ्या लक्षात राहिलंय ते सप्टेंबरचा वास. सगळीकडे भाजलेली मिरची! हा तिथला मिरच्यांचा मोसम, वर्षभराची बेगमी याच दिवसांत करतात. पुतण्याच्या घरमालकीणबाईंकडे चुश्कोपेक होता. जाड नळकांड्यासारखी विजेची भट्टी, तिच्या भोकात लांबट लाल मिरची उभी सोडायची, वर झाकण. दोन-तीन मिनिटांत साल काळं पडून सुटतं. एक काढायची, दुसरी सोडायची. बाईंनी आम्हाला दोघींना स्टुलावर बसवलं आणि सालं काढायला लावली. भाषा एकीलाही येत नव्हती. मिरची, टोमॅटो, तेल, मीठ, जराशी साखर, आणि मग ढवळत बसायचं. आमचा मुरांबा असाच तर व्हायचा, चार हात नि एक पातेलं.

तिथून पुढे पुतण्या कॉलेजमुळे आला नाही. आम्ही सेप्तेमव्री नावाच्या स्टेशनावर गेलो. सेप्तेमव्री म्हणजे सप्टेंबरच. तिथून डोब्रिनिश्तेपर्यंत 125 किलोमीटरची छोटी रेल्वे आहे, रूळ 760 मिलिमीटरचे. आपली माथेरानची गाडी याहून अरुंद, 610ची. पण ही काही पर्यटकांची खेळण्यातली गाडी नाही. पिशव्या, पोती घेतलेल्या म्हाताऱ्या चढत-उतरत होत्या. बोगदे, वळसे, पाइनची झाडं, आणि 1267 मीटरवर अव्रामोवो, बाल्कनमधलं सगळ्यात उंच स्टेशन. पाच तासांत आम्ही बान्स्कोला उतरलो. दोघींचं मिळून 15 लेवही झाले नाहीत. वहीत या ओळीपुढे मी चांदणी काढलीय.

बान्स्कोत फजिती झाली. पितृपक्ष म्हणून धाकटी मांसाहार करत नव्हती. 'बेझ मेसो', म्हणजे मांस नको, हे दोन शब्द पुतण्याने पाठ करून घेतले होते. खानावळीत मातीच्या बोळक्यात बोब चोर्बा आला. पांढऱ्या घेवड्याचं सूप, वर पुदिना. धाकटीने बोट दाखवून विचारलं, "मेसो?" वाढणाऱ्या आजींनी हनुवटी वर करून 'च्क' केलं. धाकटीला वाटलं, हो म्हणाल्या. बोळकं परत. तिने पाव आणि शारेना सोल खाल्लं. म्हणजे चुब्रित्सा नावाची वाळवलेली हिरवी पानं, लाल तिखट, मेथी आणि मीठ. पावाचा तुकडा त्यात टेकवून खायचा. मेतकुटाची चुलत बहीण म्हणा. रात्री पुतण्या फोनवर हसून हसून बेजार. हनुवटी वर म्हणजे नाही! आणि हो म्हणताना ते मान आडवी हलवतात. मग लक्षात आलं की आपण ठाणेकर जी मान डोलावतो ती त्यांच्या 'हो'च्या फार जवळ जाते. म्हणूनच सोफियात नुसतं ऐकून घेताना मान हलवली तरी समोर काहीतरी येऊन पडत होतं.

घेवडा दुसऱ्या दिवशी खाल्ला. त्याच आजींकडे.

बाकी खाण्याचं थोडक्यात. बानित्सा म्हणजे पातळ पदरांत खारट चीज नि अंडं घालून भाजलेला प्रकार, बेकरीत तेव्हा अडीच लेवला होता, सकाळी एक खाल्ला की दुपार निघते. त्याबरोबर बोझा पितात, बाजरीवर्गातल्या धान्याचं आंबवलेलं घट्ट, गोडसर पेय. "ताई, ही तर आंबील!" धाकटी म्हणाली आणि दुसरी बाटली घेतली. शोप्स्का सलाडचं कौतुक मला वाटतं जरा जास्तच होतं. काकडी-टोमॅटोवर किसलेलं सिरेने नावाचं पांढरं चीज, झेंड्याचे तीन रंग म्हणून मिरवतात, पण तो पदार्थ जुना नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर सरकारी पर्यटन खात्याच्या हॉटेलांनी तो रूढ केला. तारातोर मात्र खरा. दही पाण्याने सैल करायचं, काकडी, लसूण, शेपू, अक्रोड. दाण्याच्या कुटाऐवजी अक्रोड घातलेली पातळ कोशिंबीरच ती. मी इथे कूट घालूनच करते, अक्रोडाचा भाव बघितलात का?

रिलाचा मठ शेवटी पाहिला. दहाव्या शतकातला मूळ मठ, आताची इमारत 1833च्या आगीनंतरची. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, भिंतभर चित्रं, अंगणात जायला पैसे नाहीत. मागच्या दाराबाहेर मेकित्सी तळतात, भटुऱ्यासारखी फुगलेली, वर पिठीसाखर. तिथे सुटे देताना दिसलं की 1 लेवच्या नाण्यावर याच मठाचा संत इवान आहे. एक नाणं मी ठेवून घेतलं. आता 1 जानेवारी 2026पासून तिथे युरो आला, 1.95583 लेवला एक युरो असा हिशेब, आणि हा संत 1 युरोच्या नाण्यावर जाऊन बसला. म्हणजे त्याचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. आरडीत असं होत नाही.

आणि दही. तिथे त्याला किसेलो म्ल्याको म्हणतात, आंबट दूध. त्यातला जंतू 1905मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्हने जिनिव्हात शोधला, तोही पुतण्यासारखाच घर सोडून परदेशी डॉक्टरकीसाठी गेलेला. जंतूच्या नावातच देश आहे, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. धाकटीने औषधाच्या दुकानातून विरजणाच्या दोन पुड्या घेतल्या, एक ऐरोलीला, एक नौपाड्याला.

पहिलं दही चमच्याने कापावं असं लागलं, पण आंबट. सासूबाईंनी एक घास घेऊन वाटी सरकवली. "तुमचं परदेशातलं तुम्हीच खा." मी त्याचंच विरजण पुढे लावत राहिले. तिसऱ्या वेळी ताक सुटायला लागलं, पाचव्या वेळी घट्टपणा गेला. सहाव्या वेळी सासूबाईंनी भातावर दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता कसं दह्यासारखं लागतंय."